नाकाच्या वाटेने

वैशाखातली सकाळ, चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि त्यावर अलगद उतरणारा मांडा! दोन्ही हातांवर तोलत तोलत कोपरापर्यंत पसरवलेली ती पुरणभरली तलम पोळी खापराला टेकते न टेकते तोच तिचा जो खमंग, गोडसर, किंचित धुरकट परिमळ उठतो, तो एकदा श्वासात भिनला की आखाजी कधी आहे हे बघायला पंचांग उघडावं लागत नाही. बाकीच्या मुलुखात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, गुंजभर सोनं घेतात आणि मोकळे होतात. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचं माहेरपण. झोके बांधले जातात, लेकी येतात, भांडतात, हसतात, आणि आमरसाचं पातेलं तळाला जाईपर्यंत कुणी पानावरून उठत नाही. धुळ्याच्या आमच्या घरात त्या दिवशी वाढायचा मान माझा. कॉलेजात जन्मभर मराठी शिकवलं, पण खरं सांगू? जो अधिकार मला फळ्यासमोर कधी वाटला नाही, तो पंगतीत मांडे वाढताना वाटतो.

आणि गेल्या आखाजीला त्याच पंगतीत माझी शोभा झाली. माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, पाचोऱ्याहून आल्या होत्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा आमच्या ह्यांना अक्कांनीच कडेवर घेऊन वाढवलं. त्यामुळे या घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. आवाज असा की त्या गल्लीच्या तोंडाशी बोलल्या तर शेवटच्या घराला कळावं. पंगतीच्या अगदी कडेला, भिंतीला टेकून त्या बसल्या होत्या. मी एकेकाच्या पानात मांडा वाढत गेले, तूप सोडत गेले, आणि अक्कांनी पुढे केलेला हात तसाच ठेवून, त्यांच्याकडे पाठ करून स्वयंपाकघरात निघून गेले. माहेरवाशिणीचं पान कोरडं! बाहेर एकदम सामसूम झाली म्हणून मी वळले, तर अक्का उठून उभ्या होत्या. नेहमीचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. हळूच म्हणाल्या, "मनं माहेर सरनं."

त्यांचं माहेर संपलं, माझ्यामुळे! अहो, मी जीव तोडून सांगत होते की मला तुम्ही दिसलाच नाहीत. पण हातभर अंतरावर बसलेलं धडधाकट माणूस दिसलं नाही, यावर कोण विश्वास ठेवील? मी पडले मूळची तोंडाळ. सगळे माझ्याकडे संशयाने बघायला लागले तशी मीही चिडले आणि बोलून गेले, "अक्का, तुम्ही काय अदृश्य होऊन बसला होतात?" झालं! आगीत तेल पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अक्का पाचोऱ्याला निघून गेल्या, आणि आमचे हे दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले.

नंतर विचार करताना एकेक आठवत गेलं. दूधवाल्याने बाजूने घातलेला राम राम मी घेतला नाही म्हणून तो शेजारच्यांना म्हणाला होता, मॅडमला पेन्शन चढली. दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या. दंडावर काळेनिळे डाग. रस्त्यात मोटारसायकली आभाळातून पडाव्यात तशा अवचित पुढ्यात यायच्या, आणि मी चालवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. डोकं ठणकायचं, ते मी उन्हाच्या आणि पित्ताच्या नावावर टाकलं होतं. मी नाकासमोर पाहून चालणारी बाई, असं आयुष्यभर स्वतःबद्दल अभिमानाने सांगत आले. तो वाक्प्रचार इतका शब्दशः खरा झाला असेल याची मला काय कल्पना! मला खरोखरच नाकासमोरचं तेवढं दिसत होतं.

हे उघड झालं चष्म्याच्या निमित्ताने. धुळ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवलं, स्वतःचे दोन्ही हात फाकवले आणि म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बोटं दिसली की सांगा." मी त्यांच्या नाकाकडे बघत राहिले. बराच वेळ काही घडेना, तेव्हा माझा स्वभाव काही गप्प बसू देईना. म्हटलं, "डॉक्टर, आधी हात तर वर करा, मग सांगते." त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मॅडम, माझे हात केव्हाचे हलताहेत." जग दोन्ही बाजूंनी माझ्याकडे बोटं हलवत होतं, आणि माझ्या लेखी तिथे अंधारसुद्धा नव्हता. अंधार असता तर तो निदान दिसला तरी असता! जिथे काहीच नसतं तिथे काही हरवलंय हे माणसाला कळावं तरी कसं?

एमआरआय झाला आणि कळलं की मेंदूच्या तळाशी, नाकाच्या थेट मागे, पीयूष ग्रंथीवर गाठ आहे. कर्करोगाची नव्हे, असा डॉक्टरांचा कयास होता. पण गाठ ती गाठच. पीयूष! मराठीच्या मास्तरणीला भीती वाटायच्या आधी शब्दाचं कौतुक वाटलं, याला काय म्हणावं? वाटाण्याएवढ्या त्या ग्रंथीला आपल्या लोकांनी अमृताचं नाव दिलं. देहाची वाढ, तहान, झोप, मातेचं दूध, सगळ्यांवर तिची हुकमत. तिच्या डोक्यावरच डोळ्यांच्या दोन नसांचा चौक आहे. दोन्ही डोळ्यांना बाजूचं दाखवणारे तंतू त्या चौकात एकमेकांना ओलांडतात, आणि गाठ खालून वर सरकत नेमका तो चौक दाबत होती. म्हणजे अक्का माझ्या मनातून उतरल्या नव्हत्या. त्या वाटेतच अडकल्या होत्या! मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. कारण डॉक्टरांनी पुढचं वाक्य उच्चारलं होतं: आता वेळ घालवलात तर समोरचंही जाईल.

जळगावच्या ज्या शल्यविशारदांकडे आम्ही गेलो ते चोपड्याकडचे, केळीच्या बागेत वाढलेले. बोलणं अघळपघळ, पण हात टेबलावर ठेवलेले असतानाही स्थिर. ह्यांनी पाचोऱ्याला फोन केला होता. आम्ही दवाखान्यात पोचलो तर अक्का आमच्या आधी तिथे बाकावर बसलेल्या! माझ्याशी बोलल्या नाहीत; डॉक्टरांशी मात्र सरळ भिडल्या. "नाकमाईन मेंदूनं आपरेशन? डोकं फोडानं नही का?" डॉक्टर हसले. म्हणाले, "नाही अक्का, डोकं फोडायचं नाही, वरून टाका नाही, केसाला धक्का नाही. दोन नाकपुड्या, आम्ही दोघं सर्जन. एक कान-नाक-घशाचे, एक मी. पेन्सिलीएवढी दुर्बीण आत जाते, तिच्या टोकाला उजेड आणि कॅमेरा. समोर पडद्यावर सगळं मोठं दिसतं. नाकाच्या मागच्या भिंतीत छोटी खिडकी करायची, गाठ बाहेर काढायची आणि नाकातलंच अस्तर उचलून खिडकी बुजवायची." अक्का विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आन् नजर?" आम्ही सगळे जो प्रश्न गिळून बसलो होतो तो त्यांनीच विचारला. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. दाब काढणं आमच्या हातात आहे, म्हणाले, नजर किती परत येईल ते नसांवर. फार दिवस दबलेली नस कधी उठते, कधी उठत नाही.

मी कचरले नाही, असं म्हणणार नाही. पण का कोण जाणे, माझा त्या वाटेवर विश्वास बसला. आपल्या भाषेने नाकाला काय काय करायला लावलं आहे! आपण नाक मुरडतो, नाक खुपसतो, नाक घासतो. अब्रू गेली की नाक कापलं जातं, आणि कामाचा डोंगर झाला की नाकी नऊ येतात. इतक्या मानापमानांचं ते ठाणं, पण त्याच्यामागे, दोन श्वासांच्या वाटा जिथे एक होतात तिथून वर, बुद्धीच्या अंतर्गृहाचं मागचं दार आहे, हे कुणाला सुचलं असेल? बलाढ्य दरवाजा फोडून आत शिरण्यात पराक्रम असेलही, पण आधीच असलेली वाट ओळखून, कशालाही न दुखवता, आत जाऊन परत येण्यात जे शहाणपण आहे त्याची सर त्याला नाही. माणसामाणसांतही हे जमलं असतं तर! अक्कांच्या आणि माझ्यामध्येही अशी एखादी आडवाट असणारच, फक्त आमच्याकडे दुर्बीण नव्हती. स्ट्रेचरवरून आत नेताना मी डॉक्टरांना म्हटलं, "इतरांच्या कामात नाक खुपसायची सवय होती मला, आज तुम्ही माझ्यात खुपसताय." ते म्हणाले, "मॅडम, हे वाक्य शुद्धीवर आल्यावर पुन्हा म्हणा, म्हणजे माझं काम झालं."

शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे, घशाला कोरड, आणि तोंडाने श्वास घेता घेता मी ते वाक्य म्हटलं म्हणे. गाठ निघाली होती. पुढे पथ्य सोपं आणि महाकठीण: वाकायचं नाही, जोर करायचा नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून सोडायची. आत बुजवलेली खिडकी फुटली तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून टपकतं, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता तुम्हीच सांगा, खानदेशी घरात, ऐन मसाल्याच्या दिवसांत, शिंक टाळायची कशी? घराघरांतून मिरच्या भाजल्या जात होत्या, खलबत्ते घुमत होते, आमची सगळी गल्ली एक मोठी फोडणी झाली होती! ह्यांना काही सुचेना. तेव्हा अक्का, ज्यांचं माहेर आखाजीला सरलं होतं त्या अक्का, पिशवी घेऊन माझ्यामागोमाग धुळ्याला आल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसल्या.

तिखट बंद! शेवभाजी बंद, ठेचा बंद, फोडणीत मिरची बंद. ह्यांनी कुरकुर केली, तर अक्का म्हणाल्या, "तुले जीभ मोठी का बायको?" हे खाली मान घालून दूधभात जेवले. शेजारणीने मिरच्या भाजायला घेतल्या की अक्का गच्चीवरून अशी गर्जना करायच्या की चूल आपोआप विझावी. शेवटी गल्लीतल्या बायकांनी आपसांत ठरवून मिरच्या भाजायला पार पलीकडच्या गल्लीत न्यायला सुरुवात केली. माझ्याशी मात्र बोलणं कामापुरतंच. औषध घे. झोप. नाकात खारं पाणी सोडलं का? मी तोंडाळ बाई, पण त्या धाकापुढे माझीही बोलती बंद झाली होती.

बाकी सगळं झपाट्याने सुधारत होतं, नजर तेवढी नव्हती. तपासणीला जळगावला गेलो तेव्हा डॉक्टरांनी हात फाकवले. एका कडेला काहीतरी धूसर हलल्यासारखं वाटलं, पण बोटं होती की माझी आशा, ते मला सांगता येईना. वाट बघू, म्हणाले. मी घरी येऊन समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. आपण ज्यांच्याकडे रोखून बघतो ती माणसं आयुष्यात थोडीच असतात हो! बाकीचे सगळे कडेला असतात. चहाचा कप हळूच ठेवून जाणारे, दारात उभं राहून जेवलीस का विचारणारे, आपण झोपलो असं समजून पांघरूण घालणारे. त्यांना आपण कधी समोर घेऊन बघत नाही. ते आहेत एवढंच नजरेची कड आपल्याला सांगत राहते, आणि तेवढ्या भरवशावर आपण बिनघोर नाकासमोर चालतो. ती कडच गेली तर माणूस एकटा पडतो, आणि आपण एकटे पडलो हे त्याला कळतही नाही. माझी कड परत येणार की नाही, या प्रश्नापुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

एका दुपारी अक्का माझ्या पलंगाशेजारी, बाजूला, खाली बसून मेथी निवडत होत्या. कुलर घरघरत होता. मी समोर भिंतीकडे बघत होते, आणि त्या, बहुधा मला झोपाळलेली समजून, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागल्या. पान कोरडं राहिलं म्हणून मी रागावले, म्हणाल्या, आणि ती बिचारी आंधळी होत होती, ते माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. मी वळले नाही. मान हलवली नाही, पापणीही हलवली नाही. पण उजव्या कडेला, जिथे कित्येक महिने काहीच नव्हतं, तिथे निळ्या पातळाचा पदर वर गेला, डोळ्यांशी थांबला, आणि खाली आला.

"अक्का," मी भिंतीकडे बघतच म्हटलं, "रडताय कशाला?"

मेथीची जुडी खाली पडली. "तुले कसं दिखनं वं?" अक्का ओरडल्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा त्यांच्या त्या आवाजात, आणि मला हुंदका फुटला तशा दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून, स्वतः घळाघळा रडत, मलाच दटावायला लागल्या, "नको रडू, नको रडू, नाकमा पानी ई जाई!"