दामूअण्णांचे शब्द, माझी चाल

दामूअण्णा नवं गाणं घेऊन आले की आधी माझ्या पेटीचा भाता बंद करायचे. मग पत्र वाचावं तसं ते गाणं सरळ, न गाता, तीनदा वाचायचे. "आधी ऐक. पोटात गेलं तर वाजीव," म्हणायचे.

कोल्हापुरात एका छापखान्यात ते खिळे जुळवायचे. दिवसभर उलटी अक्षरं हाताळून त्यांना शब्दाचं वजन कळलं असावं. मी ऑर्केस्ट्रात पेटी वाजवायचो. नव्वदच्या दशकात कॅसेटचा धंदा जोरात होता. त्यांनी लिहायचं, मी चाल लावायची, असं चार-पाच वर्षं चाललं. भांडण एकच. मी म्हणायचो, लोक चालच गुणगुणतात. ते म्हणायचे, "चाल म्हंजे बैलगाडी. मोकळी गाडी कितीबी पळीव, घरात दाणा येत न्हाय."

एकदा त्यांनी बहिणीवरचं गाणं आणलं. तिला बाळंतपणाच्या कळा सुटल्या तेव्हा दवाखान्यात न्यायला गावातल्या एका बागायतदाराची जीप मागितली होती. "बौद्धवाड्यातली बाई बसली तर जीप धुवावी लागंल," असं उत्तर आलं. तिला चालवतच न्यावं लागलं. वाटेतच ती गेली. गाण्याची पहिली ओळ होती, 'दारात जीप उभी होती, बहीण गेली चालत.'

वाचताना अण्णांचा आवाज हलला नाही. "हे संथ ठेव. ओवीगत," एवढंच बोलले.

मी संथ चाल बांधली. कॅसेटवाल्याला ती रडकी वाटली. मला तर नाव कमवायचं होतं. अण्णांना न विचारता मी ढोलकीचा उडता ठेका घातला आणि रेकॉर्डिंग उरकलं. गाणं रिक्षारिक्षांतून वाजलं. अण्णा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत.

पुढच्या लग्नसराईत ते गावी गेले आणि परत येताना थेट माझ्याकडे आले.

"त्या जीपवाल्याच्या पोराची वरात हुती. बँडनं आपलं गाणं वाजीवलं. म्हातारा सोता नाचत हुता."

मी पेटीचा भाता बंद केला.

"चाल लई भारी बांधलीस. कुणाला काय लागलंच न्हाय."

त्यानंतर त्यांनी मला एकही गाणं दिलं नाही. छापखान्यात संगणक आला, खिळे भंगारात गेले, अण्णा घरी बसले. रस्त्यात भेटले तर "जेवलास?" विचारायचे आणि उत्तराला न थांबता पुढे जायचे.

ते वारले तेव्हा मी घरी भेटायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "वह्या त्यांनीच रद्दीत घातल्या. कॅसेट कवाच खराब झाली. माझ्या नणंदेचं गाणं तेवढं लिवून द्या, मास्तर. घरात ऱ्हाऊ दे."

मी पहिली ओळ लिहिली आणि अडलो. शब्द सापडतील म्हणून चाल गुणगुणू लागलो. ती सगळी आली, अंतऱ्यासकट, एकही सूर न चुकता.

वहिनींनी थोडा वेळ ऐकून घेतलं. "एवढं तर बँडवाल्यालाबी येतंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "शब्द सांगा की."

माझ्याकडे ते नव्हते.