लाल तांदळाची बाई

आमच्या सिल्व्हर पार्क सोसायटीच्या गेटजवळ एक बाई दर रविवारी गावठी लाल तांदूळ विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. रायगडातल्या सहा बायकांनी पिकवलेला तो माल, उरला तर दलालाला मातीमोल जायचा.

एका रविवारी मी चार दाणे दाताखाली फोडले. माल अस्सल होता, तरी घासाघीस केलीच.

मूठभर तांदूळ तळहातावर पसरत ती म्हणाली, "काका, माझी मजुरी कापा. त्यांचा भाव ठरलाय, त्याला हात नाही लावायचा."

मी शरमलो, पण कबूल कोण करतोय? तेवढ्यात एक भाभी म्हणाली, "लाल है, सड़ा होगा."

माझं डोकंच फिरलं. "सड़ा? इसी का पेज पीके बड़ा हुआ मैं. अबी तक बिना काठी चलता है."

मग दुपारपर्यंत तिच्या शेजारी उभा राहून मीच 'लाल तांदूळ घ्या' म्हणून ओरडत राहिलो. सगळी पोती संपली, तेव्हा कळलं, मला घरी न्यायला मूठभरही तांदूळ उरला नव्हता.