बारमाही बंडी

माझ्याकडे एकूण कपडे चार, आणि त्यातला एक म्हशीनं खाल्लेला आहे. उरलेले तीन ठणठणीत आहेत.

आमच्या आदिलाबादेत उन्हाळ्यात डोक्यावर पापड भाजून निघतो आणि हिवाळ्यात तोंडातली शिवीसुद्धा गोठते. म्हणून घरोघरी कपाटं फुगलेली, आणि तरी बाहेर निघताना घालायला काही नाही! मी सरकारी दफ्तरात कारकून. फायली कमी करणं जन्मात जमलं नाही, निदान कपडे तरी कमी करावेत, असं एका रविवारी मनानं घेतलं. संध्याकाळपर्यंत कपाटात राहिले दोन पांढरे शर्ट, एक खाकी पँट आणि एक बंडी. (लुंगी धरलेली नाही. लुंगी हा कपडा नव्हे, ती सवय आहे.)

बंडी मात्र साधी नव्हती बरं का! ती माझ्या डोक्यातून निघालेली होती. दुहेरी कापड, आत उभ्या नळ्या शिवलेल्या, खाली बटणं. थंडीत नळ्यांत कापूस भरायचा, उन्हाळ्यात काढून टाकायचा, पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद सरकवायचा. एक बंडी, तिन्ही ऋतू! तलमडुगुच्या आमच्या शेतातला कापूस वेचून घरात आलेलाच होता. मी ढिगातून मुठी मुठी घेऊन नळ्या ठासायला बसलो.

"अवो, सरकी तं काढून घ्या!" माझी बायको वंदना म्हणाली. "बियांसकट कोनी कापूस भरते का?"

"सरकीनं वजन येते. बंडी अंगावर नीट बसते."

"तुमच्या डोक्यातई थेच भरली हाय," वंदना म्हणाली आणि आत गेली.

तर ही बंडी घालून मी वंदनाला घेऊन भीमपूरला निघालो. लेकीच्या सोयरिकीसाठी, मुलाचं घर पाहायला! आमची प्रणिता दवाखान्यात नर्स, मुलगा मंगेश शाळेत मास्तर. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. आता फक्त दोन्ही बापांनी मान डोलवायची बाकी होती. निघताना पोरगी माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली.

"बाबा, तुमी काई बी करा, पन थे बंडी घालू नका. माह्या जन्माचा सवाल हाय!"

"काऊन? थंडी हाय ना बाहेर!" मी म्हणालो. माझ्या कर्तबगारीवर घरच्यांचा कधीच भरवसा नव्हता.

भीमपूरला मुलाच्या वडलांनी, दिगंबररावांनी, अंगणात उन्हात खुर्च्या टाकल्या होत्या. "या साहेब, बसा," एवढं बोलून ते गप्प. मंगेश गप्प. त्याची आई दारातून वाकून बघायची आणि उसासा टाकायची. गेली सोयरीक! प्रणिताला काय तोंड दाखवू? वंदनानं शेजारच्या खुर्चीवरून माझ्याकडं असं पाहिलं की थंडीत घाम फुटला.

अशा वेळी माणसानं शांत बसावं. मी बंडीवर व्याख्यान सुरू केलं.

"दिगंबरराव, मानसाले कपडे लागतेत किती? चार!" मी उठून गोल फिरून बंडी दाखवली. नळ्या दाखवल्या, बटणं दाखवली. दिगंबरराव "असं का" म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून मागे कुठंतरी बघत राहिले. मी पुन्हा बसलो आणि आवाज वाढवला.

तेवढ्यात मागून कुणीतरी बंडी ओढली.

मी ओळखलं. चारचौघांत मी जास्त बोलायला लागलो की वंदना मागून कपडा ओढते. लग्न झाल्यापासूनची खूण आहे ती! मी दुर्लक्ष केलं. पुन्हा ओढली, आणि या वेळी चांगलीच जोरात.

"थांब वं जराशी! मले बोलू दे!" मी मागं न बघताच खेकसलो.

मंगेशचे डोळे विस्फारले. दिगंबरराव खुर्चीतून अर्धे उठले. मागून कानाशी एक मोठा, गरम सुस्कारा आला आणि मला वाटलं, आज ही फारच तापली आहे! इतक्यात समोरच्या दारातून पोह्यांच्या बशा घेऊन मुलाची आई बाहेर आली. आणि तिच्या मागून, हातात चहा घेऊन, वंदना!

व्याख्यानाच्या भरात ती कधी उठून आत गेली, मला पत्ताच नव्हता. मग माझ्या मागं कोण?

मान वळवली. तोंडात माझ्या बंडीची आख्खी नळी धरून एक म्हैस शांतपणे चावत उभी होती. मी ओरडून उठलो, ती मागं सरली, आणि टर्रकन बंडी पाठीतून उभी फाटली! सरकी, कापूस, बटणं, सगळं अंगणभर. मी खुर्चीसकट पोह्यांवर पडलो. वंदनानं कपाळाला हात लावला. मला डोळ्यांपुढं फक्त हात जोडलेली प्रणिता दिसत होती.

"खाल्लं वं!" मुलाची आई किंचाळली. "चंद्रीनं खाल्लं!"

"माफ करा," मी पोह्यांतून म्हणालो.

"माफी कायची, बाप्पा!" दिगंबररावांचा आवाज एकदम मोकळा झाला. "कालपासून म्हशीनं चाऱ्याले तोंड लावलं नाई! ढोराचा डॉक्टर झाला, नजर उतरवून झाली. साऱ्या घराचा जीव टांगनीले लागला होता. आमी टोपल्यात सरकी देली तं हुंगून नाई पाह्यली तिनं, अन् तुमच्या बंडीतली पाहा कशी खाऊन राह्यली! उठा इवाई, उठा!"

इवाई! म्हणजे व्याही! आल्यापासून 'साहेब' म्हणणारा माणूस मला व्याही म्हणाला होता! मी पाठ उघडी टाकून, मिशीत पोहे घेऊन त्यांना कडकडून भेटलो. खरं सांगतो, डोळे भरून आले. वंदनानंही पदर डोळ्यांना लावला. (ती हसत होती, असं नंतर कळलं.)

लग्न झालं. मी नवी बंडी शिवली, सरकीसकट. आणि परवा, भर मे महिन्यात, प्रणिताचा फोन आला.

"बाबा, चंद्रीनं पुन्हा चारा सोडला. मामंजी म्हनते, इवायाले बोलवा. येताना थे बंडी घालूनच या!"

जन्माचा सवाल करून बंडी घालू नका म्हणणारी हीच ती पोरगी! माझी छाती अशी फुगली की बटणं लावता येईनात. घरात उरलेला कापूस नळ्यांत ठासला आणि भर दुपारी मोटारसायकलीवर बसलो. (सरकी पिशवीतून नेता आली असती, असं वंदना म्हणाली. तिला यातलं काय कळतं!)

भीमपूरच्या अंगणात पोचलो तेव्हा चंद्री धावत पुढं आली आणि मी उन्हानं चक्कर येऊन गाडीवरून आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा जावई डोक्यावर बादलीनं पाणी ओतत होता, लेक नाडी बघत होती आणि म्हैस समाधानानं उजवा खिसा चघळत होती. बंडी बारा महिने चालते, हे त्या दिवशी कायमचं सिद्ध झालं. चालत नाही तो फक्त तिच्या आतला माणूस!