डब्बामामांची रिकामी लाईन

कार्यक्रम सुरू होण्याआधी डब्बामामा सगळ्यांना गप्प बसवायचे आणि काहीच न वाजणारा स्पीकर ऐकायचे. ढोलकी खाली ठेवलेली, पेटी बंद, माझे हात कीबोर्डवरून मांडीवर. स्पीकर मात्र चालू. मामा त्याच्यासमोर मान तिरकी करून, डोळे मिटून उभे राहायचे. मांडवातली माणसं आमच्याकडे बघायची आणि आम्ही मामांकडे. "आधी रिकामी लाईन आयकू द्या," ते म्हणायचे. "ती साफ, तर गानं साफ." मग दोन मिनिटांनी डोळे उघडून शांतपणे सांगायचे, "घूं येस." स्पीकरमधली ती बारीक गुणगुण, घूं, आम्हाला कुणालाच ऐकू यायची नाही. "तुमले येत नही, माले येस," असं म्हणून ते पुन्हा वायरींत शिरायचे, आणि आमचा अर्धा तास गेलेलाच असायचा.

माणूस दूर गेला की त्याच्या खोडी गोड वाटायला लागतात, असं ऐकलं होतं. मला अजून तसं झालेलं नाही. मामांचा मला तेव्हा खरोखर राग यायचा आणि थोडा अजूनही येतो. तरी लिहायला बसले, तर पहिले तेच आठवले.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, साक्रीकडचे, म्हणून आमचे मामा, आणि हळूहळू सुरतेच्या नवागामातल्या आमच्या अख्ख्या गल्लीचे. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये वायरमन होते. रजेच्या दिवशी आमच्या गायन पार्टीचं साउंड सांभाळायचे. पार्टी म्हणजे माझे पप्पा आणि त्यांचे लूमवरचे सोबती. जयंती, नामकरण, कुणाच्या नव्या घराचं उद्घाटन, असं काही असलं की बोलावणं यायचं. पप्पा बँजो वाजवतात, बटणं दाबून तारा छेडायचा तो. मी कीबोर्ड वाजवते. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स.

मामांना डब्बामामा हे नाव पडलं ते त्यांच्या डब्यांमुळे. बँजोची वायर सरळ लांबवरच्या मिक्सरला जोडली, की वाटेत ती आजूबाजूच्या मोटारींचा आवाज गोळा करत जाते. आमच्या तर भिंतीपलीकडेच लूमचा कारखाना. म्हणून वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये एक छोटी पेटी लावतात, तिला डायरेक्ट बॉक्स म्हणतात. वाद्याचा नाजूक आवाज लांबच्या वायरीतून धडपणे जावा, एवढं तिचं काम. बाजारात ती तयार मिळते. मामा घरी बनवायचे. भंगारातून आणलेला बोटाएवढा ट्रान्सफॉर्मर, एक बटण, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा. असे पाच होते, झाकणांवर लाल रंगाने आकडे घातलेले. एक नंबर मामीच्या जिऱ्याचा. तीन नंबर माझ्या आईच्या हळदीचा. आईने दोन दिवस हळद शोधली, आणि तिसऱ्या दिवशी एका नामकरणात तिला आपला डबा पप्पांच्या बँजोशेजारी बसलेला दिसला. घरचाच डबा का घेतला नाही, असं तिनं विचारलं, तर मामा म्हणाले की घरचे संपले.

सुरतेत कुणीही कुठेही वापरतो असा एक गुजराती शब्द आहे, 'चालसे'. चालेल, होऊन जाईल. आमच्या पार्टीचं अर्धं काम या शब्दावर चालायचं आणि मामांना नेमका तोच सहन व्हायचा नाही. सैल वायर बघून ढोलकीवाले काका चालसे म्हणाले, की मामा ती वायर मुद्दाम पूर्ण उपटायचे आणि पहिल्यापासून जोडायला घ्यायचे.

सगळ्यात मोठा छळ प्लगच्या तिसऱ्या पिनेचा. ती वरची, जाड. मामा प्रत्येक प्लग हातात घेऊन उजेडात धरायचे. दोन पिनांचा दिसला की पिशवीतून तीन पिनांचा काढून बदलायचे, मग तो यजमानांच्या टेबलफॅनचा का असेना. उधन्याला एका बारशात त्यांना घरातल्या अर्थिंगचा संशय आला. अर्थिंगची तार जिथे जमिनीत पुरलेली होती, ती माती कोरडी ठणठणीत, म्हणजे करंट जमिनीत उतरायला वाट नाही. मामांनी यजमानीणबाईंकडून मूठभर मीठ मागून घेतलं आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या थंड पाण्याचा अख्खा जार तिथे ओतला. बाळ रडत होतं, भात गार होत होता, आणि पन्नास माणसं तहानलेली बसून जमिनीला पाणी पिताना बघत होती. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे.

मी कॉलेजला जायला लागल्यापासून मामांना आणखी एक चाळा लागला. चारचौघांत मला प्रश्न विचारायचे. "तू शिकेल से, तू सांग. तिसरी तार काय करस?" मी म्हणायचे, अर्थिंग. "ते नाव झालं. करस काय?" मग मी पुस्तकातलं काहीतरी अडखळत सांगायचे आणि मामा मान हलवायचे. ढोलकीवाले काका हसायचे. पोरीला इतकं शिकवून काय करणार, असं ते पप्पांना अधूनमधून विचारायचेच. त्यांच्यासमोर माझी अशी परीक्षा घ्यायची काय गरज होती, हे मला कळायचं नाही. मामांबद्दलचा निम्मा राग तो होता.

आता त्या दिवसाचं सांगते. दिंडोलीत विहाराच्या पटांगणात दुपारी चारला कार्यक्रम होता आणि मी धीर करून आमच्या फिजिक्सच्या सरांना बोलावलं होतं. माझे वडील लूमवर काम करतात हे सरांना माहीत होतं. ते काय वाजवतात हे एकदा त्यांनी ऐकावं, असं मला फार वाटत होतं. सर वेळेच्या आधी आले, पुढच्या रांगेत बसले. मामांची ड्युटी चारपर्यंत होती. त्यांनी डब्यांची पिशवी सकाळीच पाठवली होती आणि निरोप दिला होता की मी येईपर्यंत कशाला हात लावू नका.

चार वाजून गेले. पप्पांनी बँजोला जोडलेला आपला छोटा अॅम्प्लिफायर चालू केला, मी तीन नंबरचा डबा मध्ये लावला, आणि स्पीकरमधून घूं आलं. यावेळी सगळ्यांना ऐकू येईल इतकं. सर माझ्याकडे बघून समजुतीनं हसले. ते हसू मला सहन झालं नाही. डब्यावरचं बटण घूं घालवायलाच असतं, पण ते कशासाठी हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं. तिसरी पिन काढली की घूं जातं, हे मात्र एका डीजेवाल्याकडून ऐकलं होतं. मी स्पीकरच्या मागे गेले, पिशवीतली पकड घेतली आणि अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कापून टाकली.

घूं तत्क्षणी थांबलं. काय केलंस म्हणून काकांनी विचारलं. मी म्हटलं, जरा सेटिंग केली. "बघा, कॉलेज कामाला आलं," काका पप्पांना म्हणाले. आमच्या पार्टीत कॉलेजबद्दल कुणी बरं बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. पप्पांचा चेहरा उजळला होता. पहिल्या गाण्याची पेटी सुरू झाली. बँजोच्या तारांवर हात ठेवून पप्पा माईककडे वाकणार, एवढ्यात मिलच्या कपड्यांतले मामा मांडवात शिरले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. अॅम्प्लिफायरकडून निघालेल्या वायरीच्या मागे मागे चालत गेले आणि प्लग उपटला. मग मेन स्विचही बंद केला.

माणसांत कुजबुज सुरू झाली. मामांनी आम्हाला वाद्यांपासून लांब व्हायला सांगितलं, प्लग परत लावून वीज पुन्हा चालू केली आणि लोकांकडे पाठ करून टेस्टर बँजोच्या तारेला लावला. टेस्टरचा दिवा लागला. लाल. तो फक्त मला दिसेल असा त्यांनी धरला होता. अॅम्प्लिफायरमध्ये आतून बिघाड झाला होता, त्याचा करंट पत्र्यावर आणि पत्र्यावरून तारांवर उतरला होता. त्याला जमिनीत नेणारी वाट मी पकडीनं कापली होती. पप्पांचा एक हात तारांवर होता आणि ओठ माईकला लागायचे तेवढे राहिले होते; लागले असते, तर करंट त्यांच्यातून गेला असता.

मामा वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "प्लगनी पिन तुटेल व्हती. मनी चूक. मीच तपासाले पाहिजे व्हती."

पुढची चाळीस मिनिटं त्यांनी सगळं नव्यानं जोडलं. अॅम्प्लिफायर बाजूला काढला, बँजो डब्यातून सरळ मिक्सरला नेला, आणि रिकामी लाईनही ऐकली. पप्पांचा बँजो त्या दिवशी इतका स्वच्छ वाजला, की मला तो वेगळाच कुणी वाजवतोय असं वाटलं. पण तोवर सर घड्याळ बघून निघून गेले होते.

त्याच आठवड्यात पार्टीनं ठरवलं की मामा नकोत. भर कार्यक्रमात वीज घालवतात, स्वतःच तुटका प्लग पाठवतात, नेहमीचा उशीर. उधन्याचा दुसरा साउंडवाला बघायचं ठरलं. मी तिथेच बसले होते. तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी मामांच्या घरी गेले. ते कुठलातरी प्लग उघडून बसले होते. मी विचारलं, की माझं नाव का नाही सांगितलं. त्यांनी वरही पाहिलं नाही. "सांगतू, तर लोक काय म्हनतीन? पोरले कालेजले धाडीसन काय फायदा." स्क्रू घट्ट करून झाल्यावर पुढे म्हणाले, "माले काय, दुसरी पार्टी भेटी. तुनं कालेज गयं म्हंजे गयं." मला रडू येत होतं, आणि ते मला स्क्रू धरायला सांगत होते.

दुसरी पार्टी त्यांना मिळाली नाही. काही महिन्यांनी मिलमधली नोकरी संपली आणि मामा-मामींनी गावी परत जायचं ठरवलं. पाचही डबे त्यांनी आमच्याकडे पाठवून दिले. तीन नंबरवर चिठ्ठी होती, 'बाईची हळद'. आईला ते बाई म्हणायचे. आईने डबा उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्याकडे दिला.

त्या संध्याकाळी पार्टी सरावाला जमली होती, तेव्हा मी सांगितलं. उभी राहून सांगितलं, कारण बसून सांगितलं असतं तर मधेच थांबले असते. पिन मी कापली होती. मामांनी खोटं सांगितलं, माझ्यासाठी. काका ढोलकीच्या दोरीशी खेळत राहिले. ते कॉलेजबद्दल बोलतील म्हणून मी वाट बघत होते, आणि ते दोरीची कडी वर-खाली सरकवत होते. पप्पांनी बँजोवरचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. त्या हाताकडे बघत होते.

"उद्या त्यांची गाडी किती वाजता?" त्यांनी एवढंच विचारलं.

पप्पा सहसा खाडा करत नाहीत. दुसऱ्या दिवशी केला. उधना स्टेशनावर मामी सामान मोजत होत्या आणि मामा दिसत नव्हते. ते चहाच्या स्टॉलमागे वाकून तिथल्या फ्रिजचा प्लग बघत होते. पप्पा त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, चुकलं आमचं." मामांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ते स्टॉलवाल्याला हिंदीत सांगत होते की तिसरी पिन नाही, बदलून घे. स्टॉलवाला म्हणाला, चालसे. गाडी लागली तरी मामा त्याच्याशी वाद घालत होते. शेवटी पप्पांनी त्यांना दंडाला धरून डब्यात चढवलं, आणि धरलेला दंड लगेच सोडला नाही.

खिडकीतून मामांनी मला विचारलंच. "सांग, तिसरी तार काय करस?"

मी म्हटलं, "रोज काहीच करत नाही, मामा. दुसरं काही बिघडलं, तरच करते."

"अर्धं बरोबर," मामा म्हणाले. उरलेलं अर्धं काय ते सांगायच्या आत गाडी हलली.

आता पार्टीचं साउंड मी बघते, कीबोर्ड वाजवता वाजवता. उधन्याचा साउंडवाला दोन कार्यक्रमांत पळाला. आणि मामा फोन करतात. कार्यक्रमाची वेळ त्यांना कोण कळवतं माहीत नाही, पप्पाच असणार. मी घाईत असतानाच फोन येतो. मामांचं एकच म्हणणं असतं, फोन स्पीकरजवळ धर. मांडवात माणसं ताटकळत बसलेली, काकांचा हात ढोलकीवर, आणि मी काहीच न वाजणाऱ्या स्पीकरसमोर फोन धरून उभी. लोकांना काय वाटत असेल, याचा विचार करायचं मी सोडून दिलं आहे.

परवा असंच. "घूं येस," मामा म्हणाले. मी वैतागून सांगितलं की तो तुमच्या घरचा पंखा असेल. "मना पंखा बंद से." दोनशे किलोमीटरवरून फोनवर घूं ऐकू येणं शक्य नाही, हे मी त्यांना फिजिक्सची विद्यार्थिनी म्हणून समजावलं. मामांनी परत तेच सांगितलं, घूं येस. शेवटी मी फोन तसाच चालू स्टुलावर ठेवला आणि चिडून वायरींत शिरले. तीन नंबरच्या डब्याचं बटण वर राहिलं होतं. ते दाबलं. मग एकेक प्लग उजेडात धरून पाहिला, सगळ्यात शेवटी पप्पांचा. परत येऊन फोन कानाला लावला. पलीकडे आवाज नव्हता. मामा ऐकत होते.