आक्काच्या दारावरची यादी

आक्काच्या बंद दारावर माझा कागद अजून चिकटलेला आहे. एकट्या आक्काकडे रोज कुणी डोकावायचं, त्याची ती यादी. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, तेव्हा गल्लीला शिस्त मीच लावणार. सात घरांना सात वार वाटले, पट्टीने रेघा मारल्या, अक्षर सुरेख काढलं.

त्याआधी नळावर जाता-येता जो तो हाक मारायचा, "आक्के, आहेस का गेलीस?" आतून उत्तर यायचं, "तुला पोचवूनच जाईन, मेल्या!"

यादी लागली आणि हाका थांबल्या. शिकलेल्याला वाटतं, माया कागदावर उतरवली की पक्की होते.

बुधवारचं घर लग्नाला परगावी गेलं होतं. त्या सकाळी आक्का मोरीत घसरून पडली. गुरुवारी दार उघडलं, तेव्हा ती गार झाली होती.

"भांडं पडल्यासारखं वाजलं होतं," शेजारच्या काकू रडत म्हणाल्या. "पण आमचा वार नव्हता ना रे."

बुधवारी मीही त्या दारावरून दोनदा गेलो होतो. माझा वार गुरुवार होता.