नाहरकत सर

ओळख ना पाळख, सर समोरच्याच्या अंगावर किल्ल्यांचा जुडगा भिरकावायचे. नांदेडच्या आमच्या कॉलेजात प्रवेशाची रांग लागली, की हे खिडकीजवळच्या खांबाला टेकून उभे राहत, आणि रांगेतल्या एखाद्या मुलीला काही कळायच्या आत जुडगा तिच्याकडे निघालेला असे. बहुतेक मुली किंचाळून बाजूला होत. मी झेलला. "नाव काय गं माय?" "वर्षा." "गाव?" "इस्लापूर." "उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर ये." बास्केटबॉल मी तोवर फक्त मोबाइलवर पाहिला होता, तोही कुणीतरी व्हिडिओ पाठवला म्हणून. माझी उंची बेताची होती, तसं मी म्हणालेही. त्यावर सर म्हणाले, "उंची तर विजेच्या खांबालाबी हाय. मला हात पाह्यजेत."

सर आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते आणि मुलींचा बास्केटबॉलचा संघ हा त्यांचा एकुलता एक संसार होता, असं त्यांच्या घरच्या काकूच म्हणत. पण विद्यापीठाच्या सगळ्या मैदानांवर त्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नसे. ते 'नाहरकत सर' होते. खेळाडूला एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं, तर जुन्या ठिकाणच्या सरांचं पत्र लागे, की आमची काही हरकत नाही. हे पत्र देताना बाकीचे सर लोक खेळाडूला रडवत. कुणी महिनाभर भेटायचंच टाळी, कुणी बापाला बोलावून घेई. आमचे सर मांडीवर वही ठेवून पत्र तिथल्या तिथे लिहून देत.

लोक त्यांना चिडवत. "देवणीचं वासरू वाढवायचं तुम्ही, आणि धार काढायची दुसऱ्यानं!" ते खोटंही नव्हतं. बॉल कधी हातात न धरलेल्या खेड्यापाड्यातल्या मुली सर वर्षभर घडवत, आणि जून उजाडला की लातूरच्या किंवा आणखी कुठल्या मोठ्या कॉलेजचा माणूस येई. वसतिगृह फुकट, जेवण फुकट, वर बूट. सर म्हणत, "जिथं खेळायला मिळून राहिलं तिथं पोरीनं जावं. मी काय खुंट्याला बांधून ठेवू?"

अट एकच होती. सहीआधी डाव्या हातानं दहा ले-अप टाकून दाखवायचे, म्हणजे धावत जाऊन डाव्या हातानं बॉल बोर्डावर ठेवायचा आणि तो बास्केटमध्ये पडला पाहिजे. लागोपाठ दहा. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मला हे जाचाचं वाटे. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "तिथले लोक पहिल्याच दिवशी तुझा उजवा बंद करतील. मग काय करशील? मला फोन लावशील?"

माझ्यासाठी लातूरहून माणूस आला तो माझ्या पहिल्या वर्षाच्या शेवटी. मोठ्या मुली शिकून बाहेर पडल्या होत्या आणि संघात आम्ही पाचच उरलो होतो. मी गेले की चार. चौघींचा संघ स्पर्धेला पाठवता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या बापूंना फुकटच्या वसतिगृहाचं पटलं होतं, आणि मलाही लातूरचे ते नवे बूट दिसत होते. उगीच सगळं बापूंवर ढकलत नाही. दहा ले-अप टाकायला मला त्या दिवशी चार वेळा सुरुवात करावी लागली. सरांनी सही केली, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "जेवणाचे हाल करून घेऊ नको." संघाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्या वर्षी रांगेतून निवडलेली एकही नवी मुलगी टिकली नाही, आणि नांदेडचा आमचा संघ गेला नाही. सर मात्र स्पर्धेला आले. संघ नाही म्हणून घरी बसावं, तर ते टेबलावर गुण लिहायला बसले. कुणी बास्केट केला, कुणी फाउल केला, कोण मैदानात उतरलं, सगळं त्यांच्या हातानं कागदावर उतरत होतं. मी लातूरच्या जर्सीत खेळले, माझे गुणही त्यांनीच लिहिले. चार दिवस मी त्या टेबलाच्या बाजूनं पाणी प्यायलासुद्धा गेले नाही.

पुढच्या जूनमध्ये स्वातीचा फोन आला. स्वाती म्हणजे नांदेडला मागं राहिलेल्या चौघींपैकी एक. आता चौघींच्याही दोघीच उरल्या होत्या. एकीचं लग्न झालं, एक पुण्याला गेली. कॉलेजनं सरांना सांगून टाकलं होतं, की यंदा संघ गेला नाही तर ग्राउंडवर गाड्यांसाठी शेड उभी राहील. "सर यादी भरायला निघालेत," स्वाती म्हणाली. "जन्मात कुणाचा खेळाडू आणला न्हाई त्या माणसानं, आता गावोगाव फिरून राहिलेत. तुझ्याकडं येतील बघ. येशील ना?"

मी 'बघते' म्हणाले. बघण्यासारखं काही नव्हतं. माझं शेवटचं वर्ष होतं, विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची आशा होती. सरांना नाही कसं म्हणायचं, याची मी खोलीत तयारी केली. बापूंना विचारावं लागेल, हे एक. अभ्यासाचं नुकसान होईल, हे दुसरं. बोलताना खाली बघायचं, हेही ठरवून ठेवलं होतं.

आठवड्याभरात सर आले. एसटीनं आलेले, हातात गूळ-शेंगदाण्याची पिशवी. आमचा सराव संपेपर्यंत पायरीवर बसून राहिले. माझ्या हातातून साधे साधे बॉल सुटत होते. सराव संपला तशी मी जवळ गेले.

"जेवण बरं हाय का?"

"हाव सर."

"डावा हात?"

"चालू आहे."

"बरं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरून त्यांनी पलीकडे हाक मारली, "ए पोरी, इकडं ये."

पलीकडे रुखसाना बॉल गोळा करत होती. उदगीरची, गादीवाल्यांची मुलगी. गेलं वर्षभर ती आमच्या संघात होती, म्हणजे बाकावर होती. पाणी द्यायची, टॉवेल द्यायची. तिला वाटलं, पाहुण्यांना पाणी हवंय. ती बाटली घेऊनच आली.

सर म्हणाले, "मागच्या साली चार मॅचचे कागद मी लिहिले. तू मैदानात उतरली असतीस तर तुझ्या नावापुढं खूण केली असती. चारीबी कागदावर जागा कोरीच राहिली. खेळायचंय का?"

रुखसाना बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिली. मग होकाराची मान हलवली.

मी बाजूलाच उभी होते, माझी सगळी उत्तरं तोंडात घेऊन. मला कुणी काही विचारलंच नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटल्याची लाज वाटली.

आमच्या लातूरच्या सरांनी जिला एक मिनिट खेळवलं नव्हतं, तिच्या पत्रासाठी नाहरकत सरांना तीन खेपा घालायला लावल्या. त्यांनी घातल्या. मग उदगीरला जाऊन रुखसानाच्या अब्बांना भेटले. ते काय म्हणाले हे तिनंच मला सांगितलं. अब्बा म्हणाले, "सर, हमारी बच्ची उधर बी बैठीच रही. तुम्हारे इधर बी बैठेंगी क्या?" सर म्हणाले, "बसवायला माझ्याकडं बाकच न्हाई, भाईसाब. सगळ्या मिळून पाच हायत."

खरंच पाच होत्या. स्वाती आणि तिची जोडीदारीण, रुखसाना, आणि देगलूर-हिंगोलीहून आणलेल्या आणखी दोघी, त्याही कुठल्या कुठल्या बाकावरून उठवलेल्या. बारा नावांच्या यादीत खाली सात ओळी रिकाम्या.

स्पर्धेत आमची गाठ त्यांच्याशी दुसऱ्याच दिवशी पडली. रुखसानाला अडवायचं काम माझ्याकडे होतं. "तिचा उजवा बंद कर!" आमचे लातूरचे सर ओरडले. मी केला. ती डावीकडून गेली, आणि डाव्या हातानं बॉल बोर्डावर ठेवून आली. तिच्याबरोबर मी वर्षभर एका ताटात जेवले होते, पण तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या डावात देगलूरची मुलगी पाच फाउल होऊन बाहेर गेली. बदली द्यायला कुणी नव्हतंच. पंचांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "चौघी खेळतील." खेळल्या. आम्ही सतरा गुणांनी जिंकलो, आणि आमच्याकडे कुणालाही फार आनंद झाला नाही. संघ गेला, म्हणून ग्राउंड मात्र वाचलं. आजही तिथं मुली खेळतात.

त्यानंतर मी सरांकडे जात राहिले. दिवाळीला, कधी मधेच. देवणीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेले. मनातली गोष्ट मात्र दर वेळी तशीच परत घेऊन यायचे. मग सर निवृत्त झाले, आणि दोन वर्षांत अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरीच न्या म्हणून सांगितल्यावर काकूंनी मला फोन केला.

सर खूप वाळले होते. आवाज मात्र तोच. काकू चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मी एकदाचं बोलून टाकलं. म्हणाले, "सर, तुम्ही लातूरला आला होतात ना, त्या दिवशी मला विचारलं असतं, तर मी नाही म्हणणार होते. सगळं ठरवून ठेवलं होतं."

"म्हाईत होतं की."

"म्हणून विचारलं नाहीत?"

सरांना दम लागत होता, म्हणून एकेक वाक्य सावकाश आलं. "पाचवी कुटंबी मिळाली असती. पण तू एकदा तोंडावर न्हाई म्हणली असतीस, तर पुन्हा माझ्या घरी यायला तुला तोंड राहिलं नसतं. यायचं बंद झालं असतं तुझं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हून न्हाई विचारलं."

मी रडले. काकू चहा घेऊन आल्या तरी मला आवरलं नाही, आणि सरांनीही उगी राहा म्हटलं नाही.

त्यानंतर सर सव्वा महिना होते. सव्वा महिन्यात पाच रविवार आले. पाचही रविवारी मी देवणीहून नांदेडला गेले.