उचलणारा

कोसाडच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक रिटायर फौजी राहायचे. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये वॉचमन होते. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही. केबलवर रग्बी लागली की मात्र वर आमच्याकडे येऊन उंबऱ्याशी बसत. पलटणीत खेळले होते. चेंडू मैदानाबाहेर गेला की लाइनआउट होई. दोन्ही संघ शेजारीशेजारी रांगा लावत, मधून चेंडू सरळ फेकला जाई आणि पुढून एक, मागून एक असे दोघं आपल्या गड्याला तो झेलण्यासाठी मांड्यांना धरून वर उचलत.

"उचलणाऱ्यानं बॉलकडं बघायचंच नाही," फौजी म्हणत. "गड्याकडं बघायचं. त्याचे पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही. समझे?"

त्या उन्हाळ्यात माझे वडील गेले. अरुंद जिन्यात त्यांना आडवं वळवता येईना, म्हणून खुर्चीत बसवून, आईच्या साडीनं बांधून खाली आणलं. खालची बाजू फौजींनी धरली. उलट्या पावलांनी उतरताना त्यांची नजर वडिलांच्या चेहऱ्यावरून हलली नाही. अंगणात खुर्ची ठेवली, बाकीचे बाजूला झाले. फौजी तसेच वाकलेले.

"काका, सोडा आता," मी म्हणालो.

वडील बुटके; त्यांची पावलं जमिनीपासून वरच राहिली होती. फौजींनी खुर्ची हळूच पुढे कलवली, दोन्ही पावलं मातीवर टेकवली आणि मग हात काढले.